माणशी पंच्याहत्तर किलो

तोंडावर सगळे त्यांना 'जनरलसाहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'कुकर'. हे नाव आपणच ठेवलं असा दावा करणारे किमान तीन निवृत्त कर्नल आजही हयात आहेत. पहिल्या शिट्टीला साहेब चष्मा काढून टेबलावर ठेवत. दुसऱ्या शिट्टीला खुर्ची मागे सरके. तिसऱ्या शिट्टीपर्यंत समोर टिकलेला माणूस कुणी पाहिलेला नाही. वाफ गेली की साहेब स्वतःच त्याला परत बोलावत, चहा पाजत आणि म्हणत, "तुझं चुकलंच होतं, पण मी जरा जास्त बोललो." यातलं पहिलं अर्धं वाक्य ते कधी गाळत नसत.

एवढी वाफ साठली कुठून, असं लोक विचारत. माणूस तर शिंप्याचा मुलगा. वडील गल्लीच्या तोंडाशी एका खोलीच्या दुकानात मशीनवर वाकून बसत. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, "मागच्याच मापाने शिवा हो," तर ते गळ्यातली टेप काढत आणि म्हणत, "ते माप मागच्या महिन्यातल्या तुमचं. आजचे तुम्ही इकडे या, हात वर करा." अशा घरातून पोरगा लष्करात गेला आणि पहिल्याच आठवड्यात त्याला जो गणवेश मिळाला, त्याच्या बाह्या बोटांच्या टोकापर्यंत. तो तक्रार घेऊन भांडाराच्या खिडकीशी गेला. भांडारवाल्याने बाही बघितली, हात बघितला आणि शांतपणे निकाल दिला, "बाही बरोबर आहे. हात आखूड आहे." पहिली शिट्टी तिथे झाली असं जाणकार सांगतात.

हवेत जायचा तर त्याचा विचारही नव्हता. तो तोफखान्यातला. डोंगरावर बसायचं, दुर्बिणीतून बघायचं आणि तोफांना खाली वायरलेसवरून सांगायचं, डावीकडे मारा, उजवीकडे मारा. एकदा त्याच्या वायरलेसवाल्याच्या पोटात गोळीचा तुकडा घुसला. हेलिकॉप्टर मागवलं. हेलिकॉप्टर वायुसेनेचं, डोंगर लष्कराचा, आणि मधे एक कागद, त्यावर दोघांच्या सह्या लागत. कागद फिरून यायला चार तास लागले. वायरलेसवाला जगला, पण त्या चार तासांत हा लेफ्टनंट जे काही बोलला ते वायरलेस चालू राहिल्यामुळे सगळ्या खोऱ्याने ऐकलं. परत आल्यावर त्याने अर्ज केला. लष्कराचा स्वतःचा हवाई विभाग असतो, लष्कराची स्वतःची हेलिकॉप्टरं असतात, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. तिथे मला पाठवा, म्हणाला. वायुसेनेचे वैमानिक या लोकांना 'टॅक्सीवाले' म्हणत. "म्हणू देत," तो म्हणाला, "टॅक्सी निदान हात केला की थांबते."

उडवण्यात मात्र हात सोन्याचा. डोंगरातल्या चौक्यांवर हेलिकॉप्टर उतरवणं म्हणजे कपाटावर ठेवलेल्या बशीत उडी मारणं. वर हवा विरळ असते, पंख्याला धरायला काही मिळत नाही. खाली जे यंत्र चौदा माणसं घेऊन बागडतं, ते वर आठ माणसांत धापा टाकायला लागतं. अशा ठिकाणी त्याने वर्षानुवर्षं माणसं, रॉकेल, अंडी, पत्रं आणि आजारी लोक यांची ने-आण केली. मधे दोन वर्षं मुख्यालयात टेबलाला बांधून घातलं होतं, त्याबद्दल विचारलं तर नाक मुरडायचा. मग स्क्वाड्रन मिळालं, मग ब्रिगेडियर, मग दोन तारे, मग तीन आणि सगळा हवाई विभाग. प्रत्येक बढतीच्या वेळी वरून कुणीतरी म्हणे, "माणूस चांगला आहे, पण तापट आहे हो," आणि दुसरं कुणीतरी म्हणे, "तापट आहे, पण माणूस चांगला आहे." दुसरा नेहमी एका मताने जिंकत गेला, एवढंच.

आणि मग हिवाळ्याच्या तोंडावर तो अपघात झाला.

हेलिकॉप्टर उडवत होती एक मेजर. अंगाने किडकिडीत आणि बोलायला टोकदार, म्हणून सगळे तिला 'टाचणी' म्हणत. सर्वांत उंच चौकीवर आठ सैनिक न्यायचे, तिथे चाळीस दिवस काढलेले आठ खाली आणायचे. उतरताना शेवटच्या तीस फुटांत हेलिकॉप्टरने दम सोडला. कड्याच्या काठाला शेपूट लागलं, यंत्र कुशीवर पडलं. दोन सैनिक गेले. टाचणीच्या पाठीचे दोन मणके मोडले.

चौकशी समितीने तीन आठवड्यांत अहवाल दिला. अहवाल चांगला जाडजूड, पण सगळा जीव शेवटच्या ओळीत: वैमानिकाच्या अंदाजातील चूक. हवाई विभागाच्या प्रमुखाने पंधरा दिवसांत त्याखाली मत लिहायचं. 'सहमत' असा एक शब्द लिहिला की टाचणीचं उडणं कायमचं बंद, वर लष्करी खटला.

कुकरने अहवाल पहिल्या पानापासून वाचला. त्रेचाळिसाव्या पानावर लोडशीट होतं, म्हणजे हेलिकॉप्टरात काय आणि किती वजन भरलं त्याचा तक्ता. आठ सैनिक, आठ ओळी. पंच्याहत्तर किलो, पंच्याहत्तर, पंच्याहत्तर, असं खालपर्यंत. एकूण सहाशे. चष्मा टेबलावर आला.

"आठही जण जुळे भाऊ होते का?" त्यांनी विचारलं.

समोर उभा असलेला कर्नल चुळबुळला. "प्रमाण वजन आहे, सर. परिपत्रकाप्रमाणे सैनिक म्हणजे पंच्याहत्तर."

खुर्ची मागे सरकली.

दुसऱ्याच दिवशी साहेब तळावर हजर. अपघातानंतरची पुढची तुकडी वर जायला तयार होती. साहेबांनी मुदपाकखान्यातून बटाट्यांच्या पोत्यांचा काटा मागवला आणि धावपट्टीच्या कडेला मांडला. बर्फाचे बूट, तीन थरांचा कोट, बंदूक, गोळ्या, पाठीवरची पिशवी, सगळ्यासकट एकेकाला वर चढवलं. शहाण्णव. एकशे तीन. एक्याण्णव. चौथा सैनिक आकडा बघून लाजला. "साहेब, मी जेवून आलोय." "जेवायलाच पाहिजेस," साहेब म्हणाले, "तुझं जेवण त्या कागदात कुठे लिहिलंय ते मी शोधतोय." आठांची बेरीज सातशे चौऱ्याऐंशी झाली. म्हणजे टाचणीच्या हेलिकॉप्टरात कागदावर आठ माणसं होती, पण त्या विरळ हवेत ती आणखी अडीच माणसं उचलून नेत होती. ती अडीच माणसं कुणाला दिसली नाहीत, एक पंखा सोडून.

तिथून साहेब तडक रुग्णालयात गेले. टाचणी छातीपासून कमरेपर्यंत पट्ट्यात जखडलेली, छताकडे बघत पडली होती.

"वजन घ्यायला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं, सर. तळावरचा कॅप्टन म्हणाला, मॅडम, परिपत्रक आहे ना, मग काटा कशाला? काटा आणायला गेलो तर अर्धा तास जाईल."

"मग उडवलंस कशाला?"

"हवामान दोनच तास उघडं होतं. वरची माणसं चाळीस दिवस झाले खाली बघत बसली होती." तिने मान न हलवता डोळे साहेबांकडे वळवले. "आणि रोज असंच उडवतो, सर. सगळेच. आकडा खोटा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. आपण मनाने इंधन थोडं कमी भरतो आणि सांभाळून नेतो. त्या दिवशी वारा पाठीमागून आला. सांभाळता आलं नाही."

मुख्यालयात परत येईपर्यंत साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मोटारीत ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा आवाजात ते त्या आकड्याच्या जन्मदात्याची बिनपाण्याने करत होते. कोण तो गाढव? कोणत्या गादीवर बसून त्याने पंच्याहत्तर लिहिलं? बर्फ कधी बघितला होता का त्याने? एक तरी बूट हातात घेऊन पाहिला होता का? ते परिपत्रक मला टेबलावर पाहिजे, ते म्हणाले, आणि खाली सही कुणाची आहे ती पाहिजे. मेला असला तर त्याच्या फोटोसमोर उभा राहून बोलेन.

अभिलेख विभागात एक म्हातारा हेडक्लार्क होता. त्याला सगळे 'कपाट' म्हणत, कारण त्याच्यात सगळं असे आणि तो सहसा उघडत नसे. साहेबांचा हुकूम आल्यावर कपाट म्हणालं, फाइल सापडत नाही. दुसऱ्या दिवशीही सापडली नाही. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः तळघरात उतरले. लोखंडी मांडण्या, कुबट वास, आणि टोकाला एका टेबलाशी कपाट पेन्सिलीला टोक करत बसलेलं.

"तीन दिवस झाले. एक परिपत्रक सापडत नाही तुला? तीस वर्षं काय केलंस इथे?"

"तेहतीस, साहेब." कपाट उठून उभं राहिलं. "साहेब, एक बोलू का? नका शोधू. जुनं आहे. नवीन काढा, आकडा बदला, झालं."

"म्हणजे त्या माणसाला सोडून देऊ? तू वाचवतोयस त्याला! कोण लागतो तो तुझा?"

"माझा कोण लागणार," कपाट म्हणालं, आणि खालचा खण उघडून तीन दिवस न सापडलेली फाइल एका सेकंदात काढून दिली.

बावीस वर्षांपूर्वीचं परिपत्रक. एक पान. खाली सही. साहेबांनी ती पाहिली, चष्मा पुसला आणि परत पाहिली. सही त्यांची होती. मेजर असतानाची, शेवटच्या अक्षराला जरा जास्तच शेपूट असलेली. टेबलाला बांधून घातलेली ती दोन वर्षं.

आता सगळं आठवायला लागलं, आणि आठवण काही साहेबांचा मान ठेवत नव्हती. भर उन्हाळ्यात मुख्यालयाच्या मैदानावर चाळीस सैनिक उभे केले होते, गंजीफ्रॉक आणि चड्डीवर. सरासरी एकाहत्तर आली. हात जरा सैल सोडून पंच्याहत्तर लिहिलं.

"बर्फातल्या पोशाखाचं मी लिहिलं होतं," साहेब म्हणाले. "नक्की लिहिलं होतं. तेव्हाच्या संचालकाने काढायला लावलं असणार. हलकट माणूस होता."

कपाटाने फाइलमधलं मागचं पान पुढे केलं. तो कच्चा मसुदा होता. शेवटी एक ओळ: हिवाळी पोशाखात व उंचीवर प्रत्येकाचे प्रत्यक्ष वजन घ्यावे. तिच्यावर शाईची एक सरळ रेघ, आणि रेघेच्या शेवटी आद्याक्षरं. शेपटासकट.

"संचालक एवढंच म्हणाले होते, की परिपत्रक एका पानात बसवा," कपाट खाली बघत म्हणालं. "टंकलेखन मीच केलं होतं, साहेब. मी म्हणालो, मेजरसाहेब, समास कमी करतो, बसेल. तुम्ही म्हणालात, राहू दे रे, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. तुमची बदली आली होती, स्क्वाड्रनवर. तुम्ही घाईत होता."

तिसरी शिट्टी झालीच नाही. साहेब मांडणीला धरून उभे राहिले, आणि कपाटाने तेहतीस वर्षांत पहिल्यांदा एका जनरलला स्वतःची खुर्ची दिली.

घरी बायको शाळेतून आलेल्या भूमितीच्या वह्या तपासत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, वही मिटली नाही.

"मग आता कुणावर ओरडणार?"

"अगं, थट्टा सुचते तुला?"

"थट्टा नाही. तीस वर्षं बघतेय मी. राग आला म्हणजे आपण बरोबर, असं तुम्हाला कुणी सांगितलं, अहो? तुम्ही ओरडता तेव्हा निम्म्या वेळा बरोबर असता, हे मान्य. उरलेल्या निम्म्या वेळा समोरचा फक्त दाराबाहेर जातो."

साहेबांनी बूट काढून भिंतीला लावले. मग म्हणाले, "दोन माणसं गेली त्यात." बायकोने वही मिटली.

पंधरा दिवसांपैकी चार उरले असताना लष्कराच्या उपप्रमुखांनी त्यांना बोलावून घेतलं. उपप्रमुख महिन्याभरात निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीसाठी जी तीन नावं वर गेली होती, त्यांत कुकरचं नाव दुसरं होतं. उपप्रमुखांचा आवाज एवढा मऊ, की त्यांनी कानउघाडणी केली तरी माणूस आभार मानून बाहेर पडे. त्यांच्या टेबलावर कुकरच्या मताचा कच्चा कागद होता: 'अपघाताचे कारण मी मेजर असताना काढलेले परिपत्रक आहे. वैमानिकाची चूक नाही.'

"बसा हो. किती भावनेच्या भरात लिहिलंय हे!"

"भावना नाही, सर. बेरीज आहे."

"बरोबर, बरोबर. पोरीला वाचवायचंय ना? वाचवू. मला कुठे तिचं वैर आहे? आपण असं लिहू," आणि त्यांनी दुसरा कागद सरकवला. टंकलेखन करून तयारच होता. 'अपघाताचे कारण व्यवस्थेतील जुनी त्रुटी.' "बघा. पोरगी सुटली. तुम्ही सुटलात. खुर्चीही कुठे जात नाही. कुणाचं काही बिघडलं?"

खरं सांगायचं तर साहेबांनी तो कागद हातात घेतला. दोनदा वाचला. एवढा नेटका कागद लष्करात फार क्वचित निघतो. टाचणी सुटत होती, तेवढ्यासाठी तर ते भांडत होते. घेऊन घरी गेले असते तर बायकोसुद्धा काही बोलली नसती, निदान बोलून दाखवलं नसतं.

मग त्यांनी चष्मा काढला.

"सर, ही व्यवस्था बसते कुठे?"

"म्हणजे?"

"म्हणजे तिला भेटायचंय मला. बावीस वर्षांपूर्वी तिने चाळीस माणसं चड्डीवर उभी केली, तेव्हा तिला ऊन लागलं होतं का? ही रेघ तिने कोणत्या हाताने मारली? तिला आद्याक्षरं असतात का? दोन घरांतली माणसं उद्या इथे येऊन विचारतील, कुणी केलं, तेव्हा आपण त्यांना काय सांगणार, व्यवस्था जेवायला गेलीय?"

"आवाज खाली, जनरल."

"माझ्या सहीला बावीस वर्षं कुणी विचारलं नाही, सर. मीसुद्धा नाही. मी त्याच डोंगरात उडवत होतो. तिकडे एखादा कॅप्टन चुकला की आपण त्याचं नाव, गाव, रक्तगट छापतो. आणि आपण चुकलो की व्यवस्था! त्रुटी! अशी मऊ मऊ नावं!"

खुर्ची मागे सरकली, ती कुणाची याबद्दल बाहेर बसलेल्या सचिवाने दोन वेगवेगळ्या लोकांना दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. एवढं नक्की, की कुकरने आपलाच कागद उचलला, खाली पूर्ण सही ठोकली आणि नोंद करून घ्यायला सचिवाच्या टेबलावर ठेवला. नोंद झाली की कागद मागे येत नाही. संध्याकाळच्या आत त्यांचं नाव यादीतून गेलं आणि महिनाअखेरीला निवृत्ती घ्यावी असा निरोप आला. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलं होतं. ते वाचून साहेबांनी उरलेली सगळी वाफ एका फोनवर खर्च केली, पण रकाना काही बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रुग्णालयात गेले. टाचणीला आता उशीला टेकून बसवत होते. साहेबांनी परिपत्रक, मसुदा आणि आपलं मत असे तिन्ही कागद तिच्यापुढे ठेवले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांना वाटलं होतं, ती रडेल. किंवा थँक्यू सर म्हणेल. याचं उत्तर त्यांनी मोटारीत तयार करून आणलं होतं.

"बावीस वर्षं?" ती म्हणाली.

"हो."

"आणि त्यातली बारा तुम्ही स्वतः तिथे उडवलंत. तुम्हाला आकडा खोटा आहे हे माहीत होतं."

"होतं."

"मनाने इंधन कमी भरायचात."

"हो."

"आणि जमायचं. तुमचा हात सोन्याचा ना! अजून शिकवतात आम्हाला, तुम्ही कसं उतरवायचात ते. तुम्हाला जमलं म्हणून आकडा तसाच राहिला, सर. एकदा तरी आपटला असतात तर बदलला असतात."

आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्यांना गप्प केलं, तो एका पट्ट्यात जखडलेल्या पोरीसमोर खिडकीची कडी न्याहाळत होता.

"मला तुमची माफी नकोय," टाचणी म्हणाली. "महिनाअखेरीपर्यंत सही चालते ना तुमची? मग आदेश काढा. आज. कागद घ्या, मी सांगते."

जनरल स्टुलावर बसले आणि लिहायला लागले. प्रत्येक सैनिकाचं वजन पूर्ण पोशाखात, काट्यावर. काटा नसेल तर उड्डाण नाही. ती सांगत होती, ते लिहीत होते. मधे ते म्हणाले, "हे जरा लांबतंय." तिने नुसतं बघितलं. त्यांनी पुढे लिहिलं. शेवटची ओळ तिने दोनदा बदलायला लावली: वैमानिकाने उड्डाणास नकार दिल्यास त्या दिवशी त्यास कारण विचारू नये.

"कुणीच विचारू नये?" साहेब म्हणाले. "लष्करात असं चालत नाही गं."

"म्हणूनच लिहा."

त्यांनी लिहिलं आणि सही केली. शेपूट न काढता, साधी. कागद घडी न करता फाइलमध्ये ठेवला, दुपारपर्यंत सगळ्या तळांवर जाईल म्हणाले, आणि जरा घुटमळले.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"वर्ष लागेल म्हणतात. मी म्हणते दहा महिने." मग ती भिंतीकडे बघत म्हणाली, "आता तुम्ही जा, सर. मला फार राग आलाय. आणि तुम्ही समोर असलात की मला सारखं उठून उभं राहावंसं वाटतं. डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय."

साहेब निघाले. दार त्यांनी आवाज होऊ न देता लावून घेतलं.